घोटभर दूध

दुपारच्या नमाजाआधी भाईला वजू करवायचं, हात-तोंड-पाय धुऊन द्यायचं काम आपाचं. पक्षाघातानं त्याची उजवी बाजू गेली तेव्हापासून ते तिनं दुसऱ्या कुणाच्या हाती दिलं नव्हतं. पलंगाशेजारी स्टूल, स्टुलावर घमेलं, तांब्यात कोमट पाणी. आधी ती त्याचा उजवा हात उचलून घमेल्यावर धरायची, कारण सुरुवात उजव्यापासूनच व्हायला हवी, मग तो हात मेलेला का असेना. मग डावा. मग चूळ, मग नाकात पाणी. चूळ वाकड्या ओठातून ओघळली की ती ओढणीच्या टोकानं पुसून घ्यायची.

"नाकात समुद्र ओततेस का गं?" तो अडखळत म्हणायचा.

"बोलता येतंय म्हणजे अजून बुडाला नाहीस," ती म्हणायची.

गल्लीत त्याला सगळे किल्लीवाले म्हणत. खाली जिन्याजवळ त्याचं दुकान. दुकान कसलं, एक फळी, एक शिकंजा आणि खिळ्यांना टांगलेल्या कोऱ्या किल्ल्या. बायको लवकर गेली. एकच मुलगी, ती लग्न होऊन दुसऱ्या गावी. आपा विधवा झाली, मूलबाळ नव्हतं, ती या दोन खोल्यांत आली आणि त्या मुलीला तिनंच वाढवलं. आता दोघंही सत्तरीपलीकडचे. दोघांत मोठं कोण हे कुणालाच नक्की ठाऊक नव्हतं. ती लहानपणापासून दरडावायची म्हणून ती आपा, एवढंच.

सख्खी बहीण ती नव्हे. शेजारणीची मुलगी. शेजारीण बाळंतपणात गेली, बाप त्याआधीच कुठंतरी निघून गेलेला. किल्लीवाल्याच्या आईनं ते पोर उचलून घरी आणलं आणि आपल्या तान्ह्या मुलाबरोबर अंगावर पाजलं. ज्या बाईचं दूध पोटात गेलं ती आई आणि तिची मुलं आपली भावंडं. त्यांच्यात लग्न होऊ शकत नाही, आणि म्हणूनच पडदाही लागत नाही. एरवी परक्या पुरुषाला आपाचा केससुद्धा कधी दिसला नव्हता. या एका पुरुषाचे पाय ती धूत होती ते त्या दुधाच्या जोरावर.

त्या दिवशी खाला आली होती. खाला म्हणजे आईची धाकटी बहीण, नव्वदीला टेकलेली, कानानं अधू पण तोंडानं खणखणीत. नातसून तिला धरून वर घेऊन आली आणि बाहेरच्या खोलीत फोनवर बोलत बसली.

"म्हटलं भाच्याला शेवटचं बघून घ्यावं," खाला त्याच्या तोंडावरच म्हणाली.

"शेवटचं कुणाचं ते अल्लाहला ठाऊक," भाई म्हणाला.

"माझं तिकीट कधीचं काढून ठेवलंय रे. गाडीच येत नाही."

आपा भाईला चमच्यानं मऊ भात भरवत होती. खालानं ते पाहिलं आणि टाळी वाजवली. "अस्संच! मीपण तुम्हाला अस्संच भरवायची. वाटी आणि चमचा. एक चमचा याला, एक हिला. बकरीचं दूध, निम्मं पाणी घातलेलं."

"ते नंतर, मोठी झाल्यावर दिलं असशील," आपा मोठ्यानं म्हणाली.

"नंतर कसलं! तुझ्या आईला दूध होतं कुठं? ताप आला आणि आटलं सगळं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? पण बाई डोक्याची! सासरा अडून बसला. म्हणाला, परक्याची पोर घरात नको, उद्या मोठी झाली की हिचा पडदा कुठं करायचा? ही म्हणाली, मी तर पाजलंय तिला, आता ती याची बहीण. झालं! म्हाताऱ्याचं तोंड असं झालं." खालानं तोंड करून दाखवलं आणि स्वतःच खदखदून हसली.

चमचा आपाच्या हातात तसाच राहिला. भाई चमच्याकडे बघत नव्हता. तो तिच्या बोटांकडे बघत होता.

खाला गेली. उतरत्या दुपारी आपा नेहमीसारखी घमेलं आणि तांब्या घेऊन आली, तर भाईनं डावा हात चादरीखाली घेतलेला.

"हात दे."

"ठेव तिथं. मी करतो."

"एका हातानं? आणि तो दुसरा कोण धुणार, फरिश्ते?"

"आपा, बाहेर जा."

ती पडद्यापलीकडे बाहेरच्या खोलीत जाऊन उभी राहिली. तांब्या पडल्याचा आवाज आला. पाणी पडद्याखालून तिच्या पावलांपर्यंत आलं. मग बराच वेळ काही नाही, आणि मग भिंतीवर तळवा आपटल्याचा आवाज. पाणी वापरता येत नसेल तर माती चालते. तो भिंतीच्या मातीवर हात मारून तोंडावरून फिरवत होता. घरात पाणी भरलेलं असताना.

"भाई," ती पडद्याआडून म्हणाली, "म्हातारी बरळली. साठी बुद्धी नाठी म्हणतात, हिची तर नव्वदी आहे."

"तिला सकाळचं आठवत नाही," तो म्हणाला. "जुनं सगळं आठवतं. तुलाही ठाऊक आहे."

तिला ठाऊक होतं.

त्यानंतर तो तिला पलंगाजवळ येऊ देईना. खालच्या मजल्यावरचा शिंपी भला माणूस, सकाळी दुकान उघडण्याआधी आणि संध्याकाळी बंद केल्यावर वर येऊन त्याचं सगळं करून जायचा. पण मधल्या वेळेचं काय? चादर ओली झाली तरी भाई सांगायचा नाही. वास पडद्यातून यायचा. आपा इकडच्या खोलीत जपमाळ घेऊन बसायची आणि तिचं बोट एकाच मण्यावर अडून राहायचं. पडद्याआडून हात लांबवून ताट ती स्टुलावर सरकवायची. डाव्या हातानं खाताना अर्धं चादरीवर सांडायचं, ते ऐकू यायचं. चमच्याचा आवाज, मग थांबणं, मग पुन्हा चमचा. एकदा तिनं न राहवून पडदा बाजूला केला.

"बघतेस काय?" तो म्हणाला. रागावलेला नव्हता, लाजलेला होता. पडदा तिनं परत ओढला. याच माणसाचा लंगोट तिनं परवापरवापर्यंत बदलला होता, आणि तेव्हा दोघांपैकी कुणीही लाजलं नव्हतं.

शिंप्यानंच शेवटी मुलीला फोन केला. पाठीला जखम धरलीय, म्हणाला.

मुलगी आली ती भांडायच्या तयारीनंच. बॅग खाली ठेवायच्या आधी बोलायला लागली. "अब्बा, फुफीनं तुमचं हगणंमुतणं काढलं तेव्हा चाललं. आता आठवला पडदा? या वयात?"

"वयाचा काय संबंध?" भाई म्हणाला.

"मला हिनं वाढवलं. बापाची बहीण म्हणून हिला फुफी म्हणू की नको, तेही सांगा. की आजपासून शेजारची काकू?"

"इमामसाहेबांना बोलाव," तो म्हणाला.

इमामसाहेब संध्याकाळी आले. वयानं मुलीपेक्षाही लहान, पण बोलण्याआधी थांबणारे. स्टुलावरचं घमेलं त्यांनी स्वतः खाली ठेवलं आणि तिथं बसले. आपा पडद्याआड होती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, खालाचं बोलणं दोनदा विचारलं.

"मग निकाह लावून टाका ना," मुलगी म्हणाली. रागात म्हणाली, पण म्हणाली. खोलीत कुणी कुणाकडे बघेना.

"तोंड धुऊन ये," आपा पडद्याआडून म्हणाली.

"रागावू नका," इमामसाहेब म्हणाले. "प्रश्न रास्त आहे. पण तेही होत नाही. दूध एक घोट जरी पोटात गेलं असेल, तरी ही भावंडं, आणि निकाह हराम. घोट गेलाच नसेल तर ही परकी माणसं, आणि हात लावणं हराम. संशय दोन्हीकडून कापतो."

"माझी आई खोटं बोलली का?" भाईनं विचारलं. हे वाक्य त्यानं तीन तुकड्यांत म्हटलं.

इमामसाहेबांनी स्टूल जवळ ओढलं. "एका अनाथ पोरीला छप्पर मिळावं म्हणून बोलल्या असतील, तर त्यांचा निवाडा करणारा मी कोण? आणि एका वृद्ध बाईच्या एका वाक्यानं इतक्या वर्षांचं नातं तुटलं, असंही मी म्हणत नाही. ज्याचं मन आईच्या शब्दावर टिकतं त्यानं टिकवावं. शिवाय आजारपणाची मजबुरी वेगळी. दुसरं करणारं कुणीच नसेल तर धर्म माणसाला घाणीत पडून राहा म्हणत नाही."

"दुसरं आहे," भाई म्हणाला आणि डाव्या हातानं मुलीकडे बोट दाखवलं. "आणि माझं मन टिकत नाही. मी निघालेला माणूस, इमामसाहेब. दारात पोचलो आणि पाय चिखलाचे, असं नको."

"माझं टिकतं," आपा म्हणाली. "मी त्याच्या आईला जन्मभर अम्मी म्हटलं. कबरीत उतरवलं तेव्हाही अम्मीच म्हटलं."

इमामसाहेब उठले. निघताना पडद्याजवळ थांबून त्यांनी खाली मान घालून सांगितलं, "आपा, खालांना एकदा शांतपणे विचारा. ताप आधी आला, की तुम्ही आधी आलात? मधे एखादी दुपार जरी मोकळी असेल तरी पुरे. एक घोट. जास्त लागत नाही."

दुसऱ्या दिवशी आपा एकटीच खालाकडे गेली. खाला खिडकीतल्या उन्हात पाय सोडून बसली होती. आपा खाली जमिनीवर, तिच्या गुडघ्याशी बसली आणि कानाशी तोंड नेलं.

"खाला, अम्मीला ताप आला तेव्हा मी घरात होते का?"

"कुठला ताप?"

"दूध आटलं, तो."

"हां, तो! मोठा ताप. केस गळले बिचारीचे. वेणी एवढीशी राहिली."

"मी आले होते का तोवर?"

खालानं डोळे मिटले. "तू आलीस तेव्हा मी पाणी भरायला गेले होते. परत येते तर पाळण्यात दोन पोरं. मी म्हटलं, बाई गं, एक ठेवून गेले होते, अंडी घातली काय पाळण्यानं?" आणि ती हसली.

"आणि अम्मी? ती काय करत होती?"

"पडून होती."

"तापानं पडून होती, की बाळंतीण म्हणून?"

"पडून होती," खाला म्हणाली. "भिंतीकडे तोंड करून."

"कपाळावर पट्टी होती?"

"पट्टी..." खालाचा हात आपल्याच कपाळाकडे गेला. "होती वाटतं. की ती माझ्या बाळंतपणात होती? एक पट्टी होती खरी, निळी."

आपानं तिचे दोन्ही हात धरले. "आठव ना. मी रडत असेन. भुकेली असेन. रडतं पोर कुठली बाई नुसतं पाळण्यात ठेवेल? एकदा तरी जवळ घेतलं असेल मला. ताप चढायच्या आधी, एकदा."

"हो हो. घेतलं असेल की."

"तू पाहिलंस?"

"पाहिलं असेल."

"खाला, नीट सांग. पाहिलंस?"

खालानं तिच्याकडे पाहिलं. इतका वेळ ती खिडकीबाहेर बघत होती, आता पहिल्यांदा तिनं आपाचा चेहरा पाहिला. सुरकुतलेला तळवा तिच्या गालाला लावला. "तुला काय हवंय, बाळ? ते सांग ना. मी तेच म्हणते. तुझ्या इमामासमोर म्हणते, हवं तर कुराणावर हात ठेवून म्हणते. माझं आता काय बिघडतंय?"

आपानं कपाळ त्या म्हाताऱ्या गुडघ्यावर टेकवलं. बराच वेळ तशीच राहिली. नातसून चहा घेऊन आली आणि दारातूनच परत गेली.

"नको," आपा शेवटी म्हणाली. खालाला ऐकू जावं म्हणून मोठ्यानं म्हणाली.

घरी येताना ती बसमधून दोन थांबे आधीच उतरली आणि चालत राहिली. नुसतं एक 'हो' म्हणायचं होतं. खालानं सांगितलं, म्हणायचं. भाईनं जन्मात तिच्या कुठल्या शब्दावर शंका घेतली नव्हती. मुलीच्या लहानपणी घरात काही कमी पडलं आणि तिनं 'आहे, चिंता करू नको' म्हटलं की तो डबे उघडून बघायचा नाही. त्यानं डावा हात पुढं केला असता. तिनं पाणी आणलं असतं. आजच्या आज चादर बदलली असती, ती जखम स्वतः बघितली असती. पण तो तिच्या शब्दावर हात पुढं करणार आणि आपण तो धुऊन त्याला नमाजाला बसवणार, या विचाराशी तिचे पाय अडले. मागून मुलाचं बोट धरून येणारी एक बाई तिला वळसा घालून पुढं गेली.

घरात मुलगी नव्हती. औषधं आणायला गेली होती.

"काय म्हणाली?" पडद्याआडून प्रश्न आला. तो वाट बघत जागा होता.

आपानं चपला काढल्या, ओढणी सारखी केली. "तिला आठवत नाही. अम्मी भिंतीकडे तोंड करून पडली होती, एवढंच आठवतं. तापानं की कशानं, ते नाही."

"आणखी?"

"आणखी मी विचारत राहिले. मी म्हणेन तसं म्हणायला ती तयार होती. शपथेवर."

तिकडं पलंग करकरला.

"तू तसं येऊन सांगितलं असतंस तर..." तो म्हणाला.

"हो."

"मी मानलं असतं."

"म्हणूनच नाही सांगितलं."

मग एक विचित्र आवाज यायला लागला. आधी तिला कळेना. मग कळलं की तो रडतोय. अर्ध्या तोंडानं रडताना माणसाचा आवाज असा होतो. ती पडदा मुठीत धरून उभी राहिली. नाक वाहत असेल, डोळे वाहत असतील, उजवीकडचं त्याला कळतही नसेल. तिनं कपाटातून स्वच्छ फडका काढला, पडदा थोडा सरकवला आणि नजर जमिनीवर ठेवून तो पलंगाच्या दिशेनं फेकला.

"मिळाला?"

"मिळाला," तो म्हणाला. आणि काही वेळानं, "मला मुलीकडं पाठव, आपा. तू इथंच राहा. घर तुझं आहे."

मुलगी त्या दिवशी भांडली नाही. तिनं बापाचे कपडे भरले, फुफीला मिठी मारायला गेली आणि आपल्याच हातांचं काय करावं कळेना म्हणून नुसती खांद्याला धरून उभी राहिली. "तूपण चल ना," म्हणाली.

"तिथं तरी कुठल्या खोलीत बसू?" आपा म्हणाली.

सकाळी गाडी आली. गाडीबरोबर दोन माणसं होती. त्यांनी भाईला खुर्चीत बसवलं, छातीवरून पट्टा बांधला आणि जिना उतरायला लागले. एक पुढं, एक मागं. जिना अरुंद. आपा वरच्या पायरीवर, ओढणी कपाळापर्यंत ओढून. त्यानं मान वळवायचा प्रयत्न केला, पण पट्टा आड आला.

"किल्ल्यांना गंज चढू देऊ नकोस," तो समोर बघतच म्हणाला. "तेल लाव अधूनमधून."

"लावते."

"शिंप्याला म्हणावं, त्याच्या दाराचं कुलूप राहून गेलं."

"सांगते."

पहिल्या वळणावर त्याचा उजवा पाय खुर्चीच्या पट्टीवरून घसरला आणि लोंबायला लागला. मोजा टाचेवरून निघाला, बोटांवर राहिला, मग पडला. पाय कठड्याच्या लोखंडी गजांवर एकेक करून आपटत गेला. त्याला कळत नव्हतं. तो पुढं बघत होता.

"अहो, पाय," आपा म्हणाली. परक्या पुरुषांसमोर तिचा आवाज हळूच निघायचा. खुर्चीवाले एकमेकांना ओरडत होते, सावकाश, डावीकडं घे, डावीकडं. मुलगी बॅग घेऊन केव्हाच खाली पोचली होती.

"पाय बघा त्यांचा!"

चार पायऱ्या उतरल्या असत्या तर तो पाय तिच्या हातात आला असता. ती चार पायऱ्या उतरली. तिनं मोजा उचलला. पाय तिच्यासमोर होता, पांढरा, सुजलेला, अंगठ्याच्या नखाशी रक्त आलेला. ती तिथंच थांबली. खुर्ची पुढच्या वळणाला गेली.

ती खाली पोचली तेव्हा गाडीचं दार लागलं होतं. तिनं काचेवर मोजा धरून दाखवला. मुलगी आतून हात हलवत राहिली, तिला वाटलं निरोप देतेय. गाडी निघाली.

वर येऊन आपानं वजू केलं. नमाजाची ती वेळ नव्हती, तरी दोन रकात नमाज पढली. मग हात पसरले. तिची दुआ रोज ठरलेल्या क्रमानं जायची. आधी अम्मी, मग तिनं न पाहिलेली जन्मदाती, मग नवरा, मग भाई. भाईवर आली आणि अडली. 'माझ्या भावाला' म्हणावं तर ते जिथं मागायचं तिथं खोटं चालत नाही. 'त्या माणसाला' म्हणावं तर जीभ उचलेना. पसरलेले हात दुखायला लागले. खाली शिंप्याचं यंत्र सुरू झालं होतं.

शेवटी तिनं नातं सोडून दिलं.

"ज्याची उजवी बाजू गेली आहे," ती म्हणाली, "जो आत्ता गावाबाहेरच्या रस्त्याला लागला असेल, तो. त्याचा एक पाय उघडा आहे. गार पडला असेल. त्याला स्वतःला कळत नाही. तिथं जे कुणी असेल, त्याच्या लक्षात आणून दे."